पालथ्या बादलीवरून दिसणारा समुद्र

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पर्यटन विभागाचे संचालकसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, हॉटेल व्यावसायिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती, विभागाचे छायाचित्रकार. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी. तिसऱ्या रांगेत पंख्याखालची खुर्ची मागून घेतलेल्या त्यांच्या सासूबाई. छपाई, नकाशा आणि चौकशी खिडकीवरचे माझे सहकारी. आणि कितीही आत या म्हटलं तरी दाराशीच उभे राहणारे सर्व सज्जनहो, नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्द म्हणून उठलेला माणूस किती बोलतो, हे या सभागृहाने पुष्कळदा सोसलेलं आहे. मी आधीच सांगून ठेवते की माझे दोनाहून जास्त होतील. बाहेर चहाची व्यवस्था आहे आणि तो झाकून ठेवलेला आहे, अशी माहिती मिळाली आहे.

माझी ओळख निवेदकांनी करून दिली, पण ती अर्धीच झाली. मी नकाशा विभागात काम करते. शहरात ठिकठिकाणी जमिनीत पितळी चकती बसवलेली आपण पाहता. तिच्यावर दोन पावलं कोरलेली असतात. इथे उभे राहा आणि फोटो काढा, एवढाच तिचा अर्थ. जागा शोधायची सत्कारमूर्तींनी आणि चकती घासूनपुसून ठेवायची मी, अशी आमची वाटणी आहे. राहिलेली अर्धी ओळख अशी की ते माझ्या ताईचे यजमान. म्हणजे ऑफिसात सर आणि घरी भावजी. आता ऑफिसची वेळ संपलेली आहे, तेव्हा मी भावजी म्हणणार आहे. अध्यक्षांची हरकत नसावी.

अध्यक्षांनी आत्ताच आपल्या भाषणात माझ्यामागच्या या फोटोचा उल्लेख केला. पडदाभर मोठा करून लावला आहे, त्यामुळे तो सगळ्यांना दिसतो आहे. खाली उतरत गेलेली घरांची छपरं, वाकवलेल्या हातासारखा बंदराचा बांध, त्याच्या कोपरात शिरणारी सकाळची फेरीबोट आणि पलीकडे नुसतं पाणी. आपलं शहर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. हा फोटो पोस्टरवर आहे, फेरीबोटीच्या तिकिटावर आहे, बिस्किटांच्या डब्यावर आहे. भावजींनी नोकरीच्या सुरुवातीलाच तो काढला आणि कुठून काढला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

शोधायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. कुणी टेकडीवर चढलं, कुणी पाण्याच्या टाकीवर. एका गृहस्थांनी तर तो जहाजाच्या डोलकाठीवरून काढला आहे असं सप्रमाण सिद्ध केलं होतं. प्रमुख पाहुण्यांच्या हॉटेलच्या गच्चीवर 'तो प्रसिद्ध फोटो येथूनच' अशी पाटी आहे. पाहुण्यांनी हसून घेतलं, मी आभारी आहे. त्यांच्या समोरच्या हॉटेलच्या गच्चीवरही तीच पाटी आहे, हे त्यांना माहीत असेलच.

तर अध्यक्षांनी जाहीर केलं की त्या जागेवर भावजींच्या नावाची चकती बसवायची आणि ती जागा कोणती, ते भावजींनी आज इथे, उत्तरादाखल बोलताना, सांगायचं. टाळ्या झाल्या. भावजींचं भाषण माझ्यानंतर आहे. ते काय सांगणार ते मला माहीत आहे. 'आता नीट आठवत नाही,' असं ते सांगणार आहेत. त्यांना सगळं आठवतं. कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात ऊन किती तिरपं पडतं, ते त्यांना झोपेतून उठवून विचारा. पण त्यांनी एका व्यक्तीला शब्द दिलेला आहे. ती व्यक्ती या सभागृहात बसलेली आहे आणि तिला या क्षणी नीट ऐकू येतं आहे, म्हणून तूर्त मी इतकंच बोलते.

आता सत्कारमूर्तींच्या कार्याबद्दल. नाहीतर मला इथे कशाला उभं केलं, असा प्रश्न पडायचा.

जागा शोधायची म्हणजे करायचं काय? आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला हे कोडं पडतं. समुद्राकाठचं शहर, कुठेही उभं राहा, समोर समुद्र आहेच. भावजींची रीत अशी की नजर समोर लावायची आणि मागे मागे चालत सुटायचं. समोरचं सगळं जुळेपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळे शहराने त्यांचं तोंड कमी आणि पाठ जास्त पाहिली आहे. ते फळांच्या गाड्यांना धडकले, सायकलींना धडकले, माफी मागून पुन्हा तसेच मागे निघाले. एकदा मासेमारीची जाळी रंगवायच्या पिंपात बसले आणि कमरेखाली हिरवे होऊन घरी आले. ती पँट ताईने अजून ठेवली आहे. का, ते मी विचारलेलं नाही. कॅमेऱ्यासमोरच्या माणसालाही ते सारखं 'जरा मागे, जरा मागे' म्हणत असतात, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं जरामागे साहेब. चौकशी खिडकीवरची मंडळी हसताहेत, म्हणजे नाव अजून चालू आहे.

दुसरी रीत विचारण्याची. 'इथून समुद्र कसा दिसतो हो?' असं ते कुणालाही विचारत नाहीत. तसं विचारलं की माणूस हात पसरून गाइडसारखा बोलायला लागतो. ते विचारतात, 'हातातलं काम संपलं की तुम्ही कुठे जाऊन उभे राहता?' हॉस्पिटलमधली एक नर्स म्हणाली, मागच्या जिन्याच्या वळणावर. हे गेले, तर तिथून गोदीतल्या दोन क्रेनच्या मधोमध सूर्य वर येताना दिसतो. आज तिथे चकती आहे. वाहतूक पोलीस म्हणाला, पेट्रोलपंपाच्या मागे. हे गेले, तर तिथून काहीच दिसत नव्हतं, तो गडी सिगारेट ओढायला जात होता. भावजींनी त्याचेही आभार मानले.

दीपस्तंभासमोरच्या कठड्याला चकती नाही, म्हणून दर हंगामात आमच्याकडे तक्रारी येतात. अख्खं जग तिथे फोटो काढतं आणि प्रत्येकाच्या डोक्यातून तो दीपस्तंभ उगवलेला असतो. एकामागून एक संचालकांनी भावजींकडे फाईल पाठवली. भावजींचा शेरा ठरलेला: 'तिथे गेल्यावर लोक समुद्राकडे पाठ करतात.' त्याच्याखाली एका संचालकांनी 'मग काय झालं?' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. आजच्या अध्यक्षांनी नव्हे. ते हस्ताक्षर वाचता येत होतं.

आणि बंदररस्त्यावरचं सलून. आतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलं की आरशात अख्खी खाडी दिसते. सलूनवाला आधी तयार नव्हता. म्हणाला, 'लोक येणार, खुर्चीत बसणार, फोटो काढून चालते होणार. मी काय नुसती कात्री वाजवत उभा राहू?' शेवटी असं ठरलं की खुर्चीत बसायचं तर केस कापून घ्यायचे. आमच्या नकाशात तसं छापलेलं आहे. टक्कल पडलेल्या पर्यटकांनी त्याबद्दलही लेखी तक्रार केली होती. त्यांना दाढीचा पर्याय देण्यात आला.

सलूनचं मी मुद्दाम सांगते आहे. बंदररस्ता रुंद झाला तेव्हा त्या ओळीतली सगळी दुकानं गेली. सलून राहिलं, कारण तिथे चकती होती. आजही तिथे फूटपाथ पोट आत ओढून वळतो. हा नियम आपल्या अध्यक्षांनी भांडून करून घेतला आणि आज तो पुन्हा बोलून दाखवला: नोंद झालेली जागा हलणार नाही, रस्ता वळेल. या वाक्याला जोरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याच नियमात पुढे नोंद कुणी करायची तेही दिलं आहे. जागा शोधणाऱ्याने, किंवा फोटो काढताना तिथे हजर असलेल्या व्यक्तीने चारचौघांत सांगायचं आणि संचालकांनी मान्य करायचं. हे पुढचं सहसा कुणी वाचत नाही. चकत्या माझ्याकडे असल्यामुळे मला वाचावं लागतं.

आता थोडं घरचं बोलते. समारंभात घरचं बोलू नये, पण सत्कारमूर्ती घरचेच असले की पंचाईत होते.

भावजींच्या सासूबाई म्हणजे माझी आई. बर्फाच्या कारखान्यामागे चार बिऱ्हाडांची एक इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर ती राहते. माझे वडील त्या कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि आई घरी शिवणकाम करायची. शिवणयंत्राच्या पायडलजवळ फरशीवर तिच्या टाचेने एक खळगा पडला आहे. वडील त्याच घरात गेले. किनाऱ्याचा नवा रस्ता त्या इमारतीवरून जाणार आहे. मध्यंतरी माणसं आली आणि दाराशेजारी लाल रंगाची फुली मारून गेली. आईने त्यांना विचारलं, 'हा रंग पुसायचा झाला तर कशाने निघेल?' त्यातला एकजण म्हणाला, 'आजी, पुसायला भिंत राहायची नाही.' उद्धटपणे नाही म्हणाला. त्याला वाटलं, माहिती द्यावी.

तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळतं आहे. मी जाऊन पाहून आले. लिफ्ट आहे, पाणी दिवसभर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. नाव ठेवायला जागा नाही. आई पाहायला आली नाही. ती सकाळी एक कपाट रिकामं करते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. पुढच्या आठवड्यात पाडकामाची माणसं येणार आहेत. मी स्वतः नकाशाच्या खात्यातली आहे, रस्ता कशासाठी हवा ते मला कळतं. तरी ते घर जाऊ नये असं मला वाटतं. मला ते सहन होणार नाही, एवढंच. यात ऑफिसचं काही नाही.

माफ करा, मी जरा थांबले. तिसऱ्या रांगेकडे पाहत होते. आपण कृपा करून मागे वळून पाहू नका, तिला ते आवडत नाही. आईने कानातलं मशीन काढलं आहे. रुमालात गुंडाळलं. पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावून घेतली.

आता मला सकाळचं बोलणं कळलं. सकाळी मी तिला आणायला गेले तेव्हा तिने विचारलं, 'आज काय बोलणार आहेस?'

म्हटलं, 'नेहमीचंच. आभार वगैरे.'

'बाकी काही?'

'बाकी काय बोलणार? भावजींनी शब्द दिलाय तुला.'

'त्यांनी दिलाय,' असं म्हणून ती रुमालाची घडी घालत राहिली. घडी झाली होती, तरी पुन्हा घातली. मग म्हणाली, 'हे मशीन हल्ली फार कुरकुरतं बाई. माईकपुढे तर विचारू नकोस. तू बोलायला लागलीस आणि त्रास झाला तर मी काढून ठेवीन. मग ऐकू आलं नाही म्हणून माझ्यावर रुसू नकोस.'

मशीनला काहीही झालेलं नाही. परवाच तपासून आणलं आहे.

तेव्हा सज्जनहो, त्या व्यक्तीला आता ऐकू येत नाही आणि मी मोकळेपणाने सांगते. भावजींनी शब्द दिला तो माझ्या आईला. आणि हा फोटो काढला आहे आमच्या बाथरूमच्या खिडकीतून.

हसून घ्या. मी थांबते. प्रमुख पाहुण्यांनी पाणी घ्यावं, ठसका लागला आहे.

तर त्या काळी आमच्या बाथरूमचा नळ गळत होता. आईने पाण्याच्या खात्यात चकरा मारमारून चपला झिजवल्या होत्या. 'माणूस पाठवतो' हे उत्तर ऐकून तिचे कान किटले होते. अशात एका सकाळी दार वाजलं. दारात एक तरुण, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर लांबट पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या लोखंडी नळ्या. तो ट्रायपॉड होता. भावजी नुकतेच नोकरीला लागले होते आणि त्या गल्लीत दारोदार विचारत हिंडत होते. ते म्हणाले, 'मी विभागाकडून आलोय.'

आई म्हणाली, 'उगवलात एकदाचे. चपला तिथे काढा आणि आवाज करू नका, हे रात्रपाळी करून झोपलेत.'

त्यांना ती थेट बाथरूममध्ये घेऊन गेली. म्हणाली, 'हे बघा, दिवसरात्र टपटप, टपटप. डोकं उठलंय माझं.' भावजी आपण कोण ते सांगायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांची नजर वर खिडकीकडे गेली. खिडकी उंचावर होती, जेमतेम खोक्याएवढी. ते म्हणाले, 'बादली पालथी घालू का?'

'वर कशाला? गळतंय खाली.'

'वरून बघितल्याशिवाय कळायचं नाही.'

या वाक्यात खोटं काही नव्हतं, असं ते अजूनही म्हणतात. बादलीला एका बाजूने तडा गेला होता. मी कॉलेजात होते, परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी होते. आईने मला हाक मारून बादली धरायला बसवलं. मी दोन्ही हातांनी बादली धरून भिंतीकडे तोंड करून बसले. वर हा माणूस चढला आणि खिडकीला नाक लावून उभा राहिला. मग खाली वाकून त्याने आईला विचारलं, 'रोज सकाळी इथे कोण असतं?'

आई म्हणाली, 'काय विचारताय तुम्ही?'

तिथे त्यांना भानावर यावं लागलं. खाली उतरून त्यांनी ट्रायपॉडच्या किल्लीने नळ आवळला आणि गळती थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी भावजी पुन्हा हजर. त्या दिवशी धुकं होतं. पुढच्या खेपेला समोर मालवाहू जहाज आडवं लागलं होतं. मग ऊन नाही, मग बोट उशिरा. दर खेपेला ते नळ आवळायचे आणि आई त्यांना चहा द्यायची. पाण्याच्या खात्यात इतका कामसू माणूस आहे म्हणून ती शेजारणींपाशी तोंड भरून कौतुक करायची. शेजारणींनी आपापले नळ दाखवले, ते यांनी मुकाट्याने आवळून दिले. ताईला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं. ती मला म्हणाली, 'बोलावल्याशिवाय परत येतो तो नळवाला असू शकतो का?' तिने आईला सांगितलं नाही. का, ते आज पहिल्या रांगेत बसून ती जशी खाली बघते आहे त्यावरून ओळखा.

ज्या सकाळी हा फोटो निघाला, त्या सकाळी वडील नेमके लवकर उठले. खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी आले आणि दार ठोठावलं. आई बाहेरून म्हणाली, 'थांबा जरा, नळवाले आहेत आत.' मी आत बादली धरून बसले होते, वर क्लिक असा आवाज झाला. वडील म्हणाले, 'बसला वाटतं नळ.'

पुढे पोस्टर निघालं. आईने ते पहिल्यांदा पाहिलं फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर. आपण आता सगळ्यांनी फोटोच्या डाव्या कोपऱ्यात खाली बघावं. एक गुलाबी, धूसर छटा दिसते ना? आमचे तेव्हाचे मजकूरलेखक फार हळवे होते. त्यांनी माहितीपत्रकात लिहिलं, 'डाव्या कोपऱ्यात उमलणारी पहाटेची गुलाबी आभा'. लोक अजून ती आभा पाहायला भल्या सकाळी बांधावर जातात आणि निराश होऊन परत येतात. आईने ती आभा बघितली आणि भर रांगेत म्हणाली, 'हा माझा मगा आहे.' खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेला, आंघोळीचा, प्लास्टिकचा.

ती घरी आली आणि मगा टेबलावर आणून ठेवला. त्याच आठवड्यात भावजी ताईला मागणी घालायला आले. टेबलावरचा मगा पाहून ते काय ते समजले.

आई म्हणाली, 'तुम्ही पाण्याच्या खात्यातले नाहीत.'

'नाही.'

'आणि माझा नळ?'

'ट्रायपॉडच्या किल्लीने आवळला.'

आईने मगा जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, 'लग्नाला माझी हरकत नाही. पण ही जागा कुणाला सांगायची नाही. सगळं शहर माझ्या न्हाणीघरापुढे रांग लावील. आणि बाया म्हणतील, हिला फोटोवाला आणि नळवाला यांतला फरक कळला नाही.'

भावजींनी शब्द दिला आणि पाळला. या फोटोमुळे त्यांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, नाही सांगितलं म्हणून एक बढती अडली तेव्हाही सांगितलं नाही. फुली पडल्यावर मात्र ते आईकडे गेले. मी तिथे होते. म्हणाले, 'आई, एकदा सांगू द्या मला. नोंद झाली की घर वाचेल.' आई म्हणाली, 'दिलेले शब्द परत घ्यायला मी काय दुकान मांडलंय?' ते उठले, नळ आवळला आणि घरी गेले. दोघंही एका माळेचे मणी. इतके दिवस मीही गप्प बसले, कारण आईच्या कानात मशीन होतं.

अध्यक्ष महोदय, शब्द भावजींनी दिला. माझ्याकडे कुणी मागितला नाही. मी बादली धरून बसले होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हा फोटो काढताना हजर असलेली व्यक्ती म्हणून, नियमाप्रमाणे, चारचौघांत मी नोंद करते आहे. बर्फाच्या कारखान्यामागची इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार, बाथरूमची खिडकी. उभं राहण्याची जागा, पालथी बादली.

काय म्हणालात साहेब? बाथरूमची नोंद कशी करायची? सलूनच्या खुर्चीची केली, तशीच.

पुरावा हवा असेल तर आहे. इथे आल्यावर चष्मा काढायला पिशवीत हात घातला, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. मी ठेवलेली नव्हती. दुपारी माझ्या घरी चहा पिऊन आम्ही इकडे निघालो, रिक्षात पिशवी आईच्या मांडीवर होती. हा पाहा. रंग थोडा उडाला आहे, कानाला चीर गेली आहे. पण फोटोतल्या कोपऱ्याशेजारी धरला की ओळख पटते. मागच्या लोकांना दिसतं आहे का? जरा वर धरते.

साहेब, आपण मान हलवलीत. ती होकाराची समजू का? माईकवर सांगितलंत तर बरं होईल, मला ते लिहून घ्यायचं आहे.

आभारी आहे. 'मान्य' एवढं पुरेसं आहे. 'रस्ता वळेल' हेही म्हणालात, तेही लिहून घेतलं. छपाई विभागाने ऐकलं असेल असं धरते.

सलूनच्या जागेला अट आहे, तशी हिलाही राहील. ती मीच घालते, कारण चकती मलाच घासायची आहे. आईची आंघोळ आटोपल्याशिवाय कुणी जिना चढायचा नाही. बादली विभागाने नवी द्यावी, तड्याची चालणार नाही. आणि जो कुणी बादलीवर चढेल, त्याने आधी नळ आवळून द्यायचा. तो अजून गळतो.

भावजी, तुम्ही मान खाली घालून बसू नका. तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही, याला हे सगळं सभागृह साक्षी आहे. ताई, तू रुमाल घे, माझ्या खुर्चीवर ठेवला आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे. अध्यक्षांची आहे, ते आज एका शब्दाने बांधले गेले. प्रमुख पाहुण्यांची आहे, त्यांना आता गच्चीवरची पाटी उतरवावी लागेल. माईक सांभाळणाऱ्यांची, दारातल्या मंडळींची आणि चहा पुन्हा गरम करावा लागणार आहे त्यांचीही. कुणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, घरचं चव्हाट्यावर आणलं असेल, तर त्याचा दोष माझ्या पदरात घालावा आणि मोठ्या मनाने सोडून द्यावा.

आता सत्कारमूर्ती बोलतील. 'नीट आठवत नाही' असं त्यांना म्हणावं लागणार नाही. तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी जे कुणी बसले आहेत त्यांना एक विनंती. तिच्या खांद्याला हात लावा आणि सांगा, मशीन कानात घाल, जावई बोलायला उभे राहताहेत.